शिल्प आणि वाणिज्य : हस्तनिर्मित चांदीच्या अलंकारांचा लघुउद्योग
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)

कल्पवृक्ष क्षीण झाले आणि प्रजा उपजीविकेच्या चिंतेने व्याकूळ झाली, तेव्हा भगवान आदिनाथांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली, असे आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात वर्णन आहे. पुढील काळात जैन समाजाचे नाव यांतील वाणिज्याशी इतके घट्ट जोडले गेले की शिल्प हेही त्याच षट्कर्मांतील एक आहे, याचे विस्मरण होऊ लागले. हाताने अलंकार घडवून स्वतःच विकणारा छोटा कारागीर मात्र ही दोन्ही कर्मे एकाच वेळी करीत असतो. सकाळी तो शिल्पी असतो आणि सायंकाळी वणिक. या दोन भूमिकांचा हिशेब तो वेगळा ठेवतो की नाही, यावर त्याचा उद्योग आणि त्याचे व्रत ही दोन्ही अवलंबून असतात. आजच्या विवेचनाचा हाच मुख्य विषय आहे.

हुपरीची परंपरा

या विषयासाठी दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. कुंभोज-बाहुबलीचे पवित्र क्षेत्र ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात हुपरी आहे. 'चंदेरी नगरी' म्हणून तिची ख्याती आहे. पैंजण, वाळे, तोडे, जोडवी, मासोळ्या, कंबरपट्टा असे चांदीचे नाना प्रकारचे अलंकार तेथे आणि आसपासच्या गावांत घडतात. तेथील उद्योगाचे वैशिष्ट्य असे की तो मोठ्या कारखान्याच्या भिंतीआड फारसा नाही, तो घराघरांत विखुरलेला आहे. कोणी चांदी आटवतो, कोणी तार ओढतो, कोणी घुंगरू करतो, कोणी डाक देतो, तर कोणी उजाळा देतो. कड्या जोडण्याचे नाजूक काम अनेक घरांतील महिला संसार सांभाळून करतात. एक पैंजण ग्राहकाच्या हाती येईपर्यंत कित्येक हातांखालून गेलेला असतो.

कोल्हापूरच्या गुजरीत मिळणारा कोल्हापुरी साज हा याच परिसराचा दुसरा अलंकार. पारंपरिक समजुतीप्रमाणे त्याच्या २१ पानड्यांत दशावतारांच्या व अष्टमंगलांच्या आकृती असतात. छत्र, चामर, कलश, दर्पण, ध्वज, झारी, पंखा आणि सुप्रतिष्ठ ही अष्टमंगल द्रव्ये जिनमंदिरात नित्य दृष्टीस पडतात. अष्टमंगलांची कल्पना मंदिरात आणि गळ्यातील दागिन्यात अशी दोन्हीकडे नांदते, ती अशा कारागिरांच्याच हातून.

घडणावळीचे स्वरूप

चांदी ९६१ ते ९६२ अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. शुद्ध चांदी मऊ असल्याने दागिना टिकाऊ व्हावा म्हणून तिच्यात तांबे मिसळतात. हजार भागांत ९२५ भाग चांदी असेल तर ती '९२५' ची चांदी. मुशीत आटवलेल्या धातूची लगड ओतली जाते, ती ठोकून पट्टी होते, पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून तार होते. ठोकताना व ओढताना धातू कठीण होतो, म्हणून मधूनमधून तो तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. नंतर कड्या, रवे, घुंगरू, टाकणखार लावून दिलेली डाक, घासकाम आणि शेवटी उजाळा. डाक म्हणजे दागिन्याच्या मूळ धातूपेक्षा कमी तापमानाला वितळणारे मिश्रण. आच थोडी अधिक झाली तरी डाकेबरोबर दागिनाही वितळतो. ती आच पुस्तकाने शिकवता येत नाही. ज्वाळेचा आणि तापलेल्या धातूचा रंग ओळखणारी नजर वर्षानुवर्षांच्या सरावाने येते.

ही नजर एकदा हरपली की परत मिळत नाही. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू झाले आणि १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. ती बंदी पुढे शिथिल झाली, १९६८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि १९९० मध्ये तोही रद्द झाला. परंतु मधल्या काळात देशभरातील कितीतरी सुवर्णकारांनी ऐरण सोडून अन्य मार्ग धरला. कायदा रद्द करता येतो, पण सुटलेला हात पुन्हा बसवता येत नाही. आज हाताच्या कामावर तसे संकट कायद्यामुळे नाही, ते यंत्रांमुळे आणि भावांमुळे आहे. ओतीव साचे व साखळी विणणारी यंत्रे दिवसाला जे काढतात, त्याची बरोबरी हाताला करता येणार नाही. शिवाय सेलम, राजकोट, आग्रा या केंद्रांचा मालही त्याच बाजारात येतो.

एका दागिन्यात दोन वस्तू

प्रत्येक हस्तनिर्मित अलंकारात दोन वस्तू विकल्या जातात : धातू आणि हाताचे काम. धातूचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, त्यावर कारागिराची सत्ता नाही. कामाचे मोल मात्र त्याने स्वतः ठरवावे लागते आणि ग्राहकाला समजावून सांगावे लागते. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. 'मजुरी माफ' अशी पाटी लावली की ग्राहक येतो, हा अनुभव सर्वत्र आहे. पण मजुरी खरोखर कोणीच माफ करीत नाही. ती कुठेतरी दडवली जाते आणि दडवण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे टंच.

एक हिशेब पाहू. सोयीसाठी शुद्ध चांदीचा भाव ग्रॅमला २०० रुपये धरू आणि कर बाजूला ठेवू. १०० ग्रॅमचा पैंजण जोड '९२५' चा असेल तर त्यात ९२.५ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे १८,५०० रुपयांचा धातू आहे. मजुरी २,५०० रुपये स्वतंत्र लावली तर किंमत २१,००० रुपये होते. शेजारच्या दुकानात तसाच जोड 'मजुरी माफ' म्हणून पूर्ण वजनाच्या भावाने २०,००० रुपयांना मिळतो, पण तो ७० टंचाचा आहे. त्यात धातू फक्त १४,००० रुपयांचा. म्हणजे ६,००० रुपये मजुरी व नफा म्हणून न सांगता घेतले गेले. हजार रुपये वाचले म्हणून आनंदाने गेलेली माउली अडचणीच्या दिवशी तोच जोड मोडायला आणते, तेव्हा तिच्या हाती ४,५०० रुपये कमी पडतात. ग्रामीण घरात चांदीचा दागिना ही बहुधा स्त्रीची एकमेव बचत असते. त्या बचतीतच खोट काढलेली असते आणि तिला ते कळते नेमके ज्या दिवशी पैशांची सर्वांत अधिक गरज आहे त्या दिवशी.

यात हानी कारागिराचीही होते. दडवलेल्या मजुरीतील मोठा वाटा विक्रेत्याकडे राहतो आणि हाताच्या कामाला वेगळे मोलच नाही, असा ग्राहकाचा समज पक्का होतो. मग ज्याचे बिल स्वच्छ आहे तोच महाग ठरतो.

म्हणून मजुरी कशी काढली, हे कारागिराला सांगता आले पाहिजे. वरच्या जोडीला १२ तासांचे काम लागले आणि तासाला १५० रुपये धरले तर १,८०० रुपये झाले. डाक, टाकणखार, गॅस, उजाळा, घट आणि डबी यांचे ३०० रुपये, भांडवलावरील व्याज व नफा मिळून ४०० रुपये, अशी २,५०० रुपयांची फोड होते. ही फोड कागदावर असेल तर घासाघीस होतानाही कारागिराला आपण कुठे थांबावे हे ठाऊक असते. ती कागदावर नसेल तर तो आपल्या बारा तासांचेच पैसे सोडून देतो आणि नफा झाला असे मानतो.

कस आणि जैन परंपरा

धातूचा कस उघड सांगण्याची परंपरा जैन समाजाला नवी नाही. अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीच्या टाकसाळीशी संबंधित असलेले ठक्कुर फेरू हे श्रीमाळ जैन होते. त्यांनी १३१५ मध्ये रत्नांवर 'रत्नपरीक्षा' आणि १३१८ मध्ये नाण्यांतील धातूवर 'द्रव्यपरीक्षा' हे प्राकृत ग्रंथ रचले. निरनिराळ्या राज्यांच्या नाण्यांत सोने-चांदी किती, हे त्यांनी नोंदवून ठेवले. जे ज्ञान सराफाच्या बोटांत गुप्त राहिले असते, ते त्यांनी ग्रंथरूपाने सर्वांसाठी खुले केले.

आज तेच कार्य हॉलमार्क करतो. सोन्याच्या दागिन्यांना तो १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरी विशिष्ट ओळखक्रमांकाची अट आली. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या ऐच्छिक हॉलमार्कलाही असा क्रमांक जोडण्यात आला. छोट्या कारागिराला हा खर्च आणि हेलपाटा वाटतो. परंतु ज्याचे नाव गावाबाहेर कोणी ओळखत नाही, त्याच्या वतीने हा लहानसा शिक्काच बोलतो. मोठ्या पेढीला तिची जाहिरात असते, छोट्याला त्याचा कस.

अचौर्याचे पाच अतिचार

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. ते वाचताना अलंकारांच्या पेढीवर बसूनच ते लिहिले असावेत असे वाटते.

पहिला स्तेनप्रयोग, म्हणजे चोरीस प्रवृत्त करणे. दुसरा तदाहृतादान, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे. अनोळखी इसम पावतीशिवाय मोडीचे दागिने स्वस्तात आणून देतो, तेव्हा हा अतिचार दारात उभा असतो. भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमानेही चोरीचा माल जाणूनबुजून स्वीकारणे हा गुन्हा आहे. मोड घेताना नाव, पत्ता, ओळखपत्र आणि वजन यांची नोंद ठेवणे हाच त्यावरील उपाय.

तिसरा विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचे नियम ओलांडून व्यवहार करणे. १ जुलै २०१७ पासून दागिन्यांवर ३ टक्के वस्तू व सेवा कर आला. 'बिलाशिवाय घेता का?' हा प्रश्न त्याच दिवसापासून अधिक ऐकू येऊ लागला. ज्या दागिन्याचे बिल नाही, त्याच्या कसाची जबाबदारीही कोणावर नाही, हे घेणाऱ्याने ध्यानात घ्यावे. करात वाचलेले तीन रुपये शुद्धतेत तीसही घालवू शकतात.

चौथा हीनाधिकमानोन्मान, म्हणजे देण्याघेण्याची मापे वेगळी ठेवणे. पूर्वी ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा होता. आज काटा इलेक्ट्रॉनिक झाला तरी अतिचार जुनाच आहे. खडे, लाख आणि दोरा यांचे वजन चांदीच्या भावाने लावणे आणि मोड घेताना तेच वजा करणे, हे दोन मापांचेच नवे रूप होय. पाचवा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे खरे म्हणून देणे. पितळेवर चांदीचा मुलामा असलेला दागिना मुलामा म्हणून विकणे यात दोष नाही. मातीचे, धाग्याचे, पितळेचे दागिनेही कलात्मक असतात आणि अनेक भगिनी त्यांवर सन्मानाने घर चालवतात. दोष आहे तो नाव बदलण्यात. यंत्राच्या साच्यातून निघालेल्या दागिन्याला 'हातकाम' म्हणणे हाही प्रतिरूपकव्यवहारच आहे, आणि त्यात चोरी होते ती खऱ्या कारागिराच्या श्रमाची.

भाववाढ आणि भांडवल

२०२५ च्या प्रारंभी चांदीचा भाव किलोला ९० हजार रुपयांच्या आसपास होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो २ लाखांच्या पुढे गेला. ज्यांच्या कपाटात चांदी होती ते सुखावले. पण घडवणाऱ्याची स्थिती उलट झाली. ५ किलो चांदीवर ज्याचे काम चालत असे, त्याला पूर्वी साडेचार लाखांचे भांडवल पुरे होते, आता १० लाख लागू लागले. काम तेवढेच, मजुरी तेवढीच, व्याज मात्र दुपटीहून अधिक.

उधारीचा धोका तर याहून मोठा. एक किलोचा माल ९० हजारांच्या भावाने तीन महिन्यांच्या उधारीवर दिला आणि रक्कम हाती आली तेव्हा भाव १ लाख २० हजार झाला असेल, तर त्या रकमेत ७५० ग्रॅमच चांदी येते. वहीत नफा दिसतो आणि पाव किलो चांदी नाहीशी झालेली असते. म्हणून अलंकार उद्योगात दोन खतावण्या हव्यात : एक रुपयांची आणि दुसरी ग्रॅमची. किती धातू आला, किती दागिन्यांत गेला, किती घट झाली आणि किती येणे आहे, हे वजनात लिहिलेले असावे. धातूचे येणे धातूतच वसूल करण्याची कारागिरांची जुनी रीत अशा काळात शहाणपणाची ठरते.

भाव चढतो तसा उतरतोही. १९८० च्या जानेवारीत जागतिक बाजारात चांदी औंसाला सुमारे ५० डॉलरपर्यंत चढली होती आणि मार्चअखेर ती ११ डॉलरच्या आसपास कोसळली. घडवणाऱ्याने सट्टा करू नये, हा उपदेश म्हणूनच केवळ नैतिक नाही. परिग्रहाचे परिमाण ठरवून, जेवढे काम तेवढाच धातू ठेवणाऱ्याचा संसार चढउतारात तरतो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुवर्णकाराचा समावेश आहे. तीत ५ टक्के व्याजाने, तारणाशिवाय, प्रथम १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्जाची तरतूद झाली. तथापि २०२५ च्या अखेरच्या भावाने १ लाखात अर्धा किलोही चांदी येत नाही. उरलेले अंतर समाजाने भरून काढायचे आहे.

अहिंसेचा विचार

येथे एक शंका प्रामाणिकपणे उपस्थित होते. श्रावकाचारात ज्या पंधरा खरकर्मांचा निषेध आहे, त्यांत अग्नीवर चालणारी अंगारजीविका येते आणि आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात सुवर्णकारीचाही तीत उल्लेख आहे. मग हा उद्योग श्रावकाने करावा काय? शास्त्राचा निर्णय विद्वानांनी द्यावा. तरीही संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी या हिंसेच्या चार प्रकारांपैकी उद्योगी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही, ती कमीत कमी ठेवणे हे त्याचे कर्तव्य, ही मर्यादा सर्वांना मान्य आहे.

ती कमी करण्यास येथे मोठा वाव आहे. सोन्याच्या 'केडीएम' दागिन्यांच्या डाकेत कॅडमियम वापरले जात असे. हा धातू ७६७ अंशांना उकळतो, म्हणजे चांदी वितळण्यापूर्वीच त्याची वाफ होते, आणि ती कारागिराच्या फुप्फुसांना व मूत्रपिंडांना अपाय करते. कॅडमियमविरहित डाक, धूर बाहेर टाकणारा पंखा, आम्लाचे पाणी गटारात न सोडण्याची दक्षता आणि पुरेसा उजेड यांचा खर्च मजुरीत धरलेला असावा. पेढीवर पाणी गाळून पिणारा श्रावक कारागिराच्या छातीत जाणाऱ्या धुराविषयी उदासीन राहू शकत नाही. साहित्याची निवडही विवेकाने व्हावी. दंतवाणिज्य खरकर्मांत आहे आणि हस्तिदंताचा व्यापार कायद्यानेही बंद आहे. लाक्षावाणिज्यही त्याच यादीत आहे. लाख कीटकांपासून मिळते, हे जाणून तिच्याविना घडणारे पोकळ वा भरीव नमुने निवडता येतात.

समाजाचे कर्तव्य

मंदिरासाठी छत्र, चामर, कलश, सिंहासन करून घेताना विश्वस्तांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. टंच लेखी असावा, मजुरी वेगळी दाखवावी आणि ती देताना घासाघीस करू नये. देवाच्या छत्राची मजुरी कमी केल्याचे पुण्य कोणाच्याही खाती जमा होत नाही. प्रत्येक विवाहात किमान एक अलंकार हातकामाचा घ्यावा आणि तो घडवणाऱ्याचे नाव घरात माहीत असावे. समाजाच्या पतसंस्थांनी कारागिराला रुपयांऐवजी धातूच्या वजनात उचल देण्याचा विचार कायद्याच्या चौकटीत करावा. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या तरुणांनी सुट्टीत चार कारागिरांच्या वह्या लिहून दिल्या, तरी वाणिज्य शिल्पाच्या साहाय्याला धावल्यासारखे होईल. तयार मालाची स्वच्छ छायाचित्रे, प्रत्येक नमुन्याचे नाव, वजन, टंच व मजुरी असा तक्ता करून दिल्यास घरबसल्या काम करणाऱ्या भगिनींनाही दूरचा ग्राहक मिळेल.

कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासला की एक बारीक रेघ उमटते. ती रेघ घडवणाऱ्याची जात, पेढीची उंची किंवा जाहिरातीचा आकार सांगत नाही. आत किती खरे आहे, तेवढेच सांगते. समाजातील प्रत्येक शिल्पीच्या दागिन्याची आणि प्रत्येक वणिकाच्या वहीची रेघ अशीच निर्मळ उमटो, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंगल भावना.

जय जिनेंद्र!